मजुरी म्हणून लिहा

टपालवाला सहसा त्यांच्या अंगणात यायचा नाही. कुंपणापाशी सायकलची घंटी वाजवायचा, पत्र काट्यांत खोचायचा आणि पुढे व्हायचा. त्या दिवशी मात्र तो आत आला, सही लागेल म्हणाला, आणि सही कुणाची, तर धाकटीची. थोरलीने हातातली लव्हाळ्याची पेंढी खाली ठेवली. सरकारी कागदावर सही मागतात तेव्हा एकतर काही मिळायचं असतं नाहीतर काही जायचं असतं, एवढं तिला अडतीस वर्षांत कळलं होतं. मिळायचंच असेल, असं तिने आपलं ठरवून टाकलं.

धाकटी पलीकडे स्वतःच्या खोलीत मागावर बसली होती. तिने बाहेर येऊन सही केली, पाकीट फोडलं, पहिली ओळ वाचली, आणि मग पुन्हा पहिलीच ओळ वाचली. थोरलीला वाटलं, हिला सव्विसाव्या वर्षीच चष्मा लागला की काय. शेवटी धाकटीने कागद तिच्या हातात दिला.

"ताई, यात मी कमावलं असं लिहिलंय."

थोरली चौथीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट धरून वाचायची. करदाता, उत्पन्न, आकारणी असे एकेक शब्द बोटाखालून गेले आणि तिला त्यातलं काही लागलं नाही. एका ठिकाणी मात्र बोट थांबलं. तिथे दोन चौकोन होते. एकात लिहिलं होतं 'कामावर ठेवणारा', आणि पुढे त्या माणसाचं नाव, ज्याला कोर्टाने नऊ वर्षांसाठी तुरुंगात धाडलं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं 'कर्मचारी', आणि पुढे धाकटीचं नाव. खाली आकडा होता. कोर्टाने धाकटीला जे दिलं त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा, वर उशिराचा दंड. तीस दिवसांत भरा, नाहीतर तुमच्या नावावरची मिळकत जप्त होईल. धाकटीच्या नावावरची मिळकत म्हणजे ती एक खोली.

थोरलीचा नवरा ओट्यावर सुतळी वळत बसला होता. हा माणूस घरजावई, आणि बोलण्याच्या बाबतीत पक्का कंजूष. दिवसाला चार वाक्यं म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याने कागद ऐकून घेतला आणि सकाळचं वाक्य खर्ची घातलं. "म्हणजे कोंडून ठेवलं ती नोकरी झाली, आणि सोडवून आणल्यावर मिळालं तो पगार." कुणी हसलं नाही. आतून म्हातारीने विचारलं, किती आले म्हणून. थोरलीने आईला सांगितलं, यायचे आहेत अजून.

कागद आला म्हणून काम थांबत नाही. तळ्याचं पाणी त्या वर्षी पार मधोमध गेलं होतं. काठची लव्हाळी गुडघाभर वाढून पिवळी पडली होती, आणि चटईला तर निदान छातीइतकं लांब पातं लागतं. तसलं पातं मिळवायला शंभर-दीडशे पावलं चिखलात शिरावं लागायचं. दोघी बहिणी विळे घेऊन निघाल्या. वरून ऊन, खालून गार चिखल, मांडीपर्यंत. पाय टाकायचा, तो रुतू द्यायचा, विळा पाण्याखाली घालून बुडख्याशी फिरवायचा, मूठभर पातं बगलेत धरायचं आणि रुतलेला पाय दोन्ही हातांनी उपटून काढायचा. तासाभरात कमरेचे टाके ढिले होतात. थोरली मधूनमधून उभी राहून पाठ दाबायची. धाकटी उभी राहायची नाही. पाण्यात हात गेला की तिचे हात आपोआप चालायचे आणि ओठ हलायचे. ती काय मोजते हे थोरलीने कधी विचारलं नव्हतं. तिने धाकटीला तिथलं काहीच विचारलं नव्हतं, आणि यात आपला समजूतदारपणा आहे असं ती स्वतःला सांगत आली होती.

सात वर्षांपूर्वी एक मुकादम आला होता. समुद्राकाठी कारखान्यात कोळंबी सोलायचं काम, सहा महिने, राहणं-खाणं मालकाचं. गावातल्या आणि आसपासच्या अकरा पोरी त्याने टेम्पोत बसवल्या. प्रत्येक घरी थोडी उचल दिली. त्या उचलीतून या घरावर पत्रे आले. सहा महिन्यांनी पोरी आल्या नाहीत. मुकादम म्हणाला, त्यांनी आणखी एक हंगाम कबूल केलाय, आणि मग मुकादमही दिसेनासा झाला. घरचे चौकीत गेले तर तिथल्याने विचारलं, पोरगी वयात आलेली होती ना, मग गेली असेल कुणाबरोबर. तीन वर्षं आणि चार महिन्यांनी पोलिसांची गाडी आली. अकरा गेल्या होत्या, दहा उतरल्या. अकरावीचं नाव काढलं की दहाही जणी गप्प व्हायच्या.

मग दोन वर्षं कोर्ट चाललं. पैसे मिळाले त्यातून धाकटीने घराला लागून एक खोली बांधली. विटांची, एक खिडकी, एक दार. दाराला आतून कडी बसवली ती इतकी दणकट की लोहार म्हणाला, बाई, आत काय सोनं ठेवणार आहेस. थोरलीला तेव्हा राग आला होता. एवढं घर असताना वेगळी खोली कशाला, लोक म्हणतील बहिणीशी पटत नाही. पण त्या खोलीत झोपायला लागल्यापासून धाकटी पहाटेपर्यंत झोपायची. त्याआधी दोन वर्षं ती बसून डुलक्या काढायची, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. म्हणून मग थोरलीने तोंड बंद ठेवलं. आता तीच खोली जायची होती.

दुसऱ्या दिवशी दोघी शहरात गेल्या. कोर्टासमोर झाडाखाली एक अर्जवाला बसायचा. टेबल, टंकलेखनाचं यंत्र, पानाची डबी, असा त्याचा संसार. भरपाईचा अर्ज त्यानेच लिहिला होता. सरकारने दिलेला वकील अर्ज भरायच्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकला होता, आणि मुदतीचा शेवटचा दिवस होता. अर्जवाल्याने नोटीस वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आपल्या पेटीतून जुन्या अर्जाची नक्कल शोधून काढली.

"ताई, तुम्हीच सांगितलं होतं," तो थोरलीला म्हणाला. "मी दोनदा विचारलं."

थोरलीला आठवलं. अर्जात दोन रकाने होते. एक, इजा आणि हाल यांची भरपाई. दुसरा, थकलेली मजुरी. पैसे दोन्हीकडून सारखेच येतील, कुठला भरू, असं त्याने विचारलं होतं. आणि थोरली ताठ मानेने म्हणाली होती, मजुरी म्हणून लिहा. आमच्या घरात फुकटचं कुणी घेत नाही. ते खरंच होतं. शेजारणीने वाटीभर दूध दिलं तरी त्या वाटीबरोबर तळहाताएवढी चटई परत जायची, तांब्याखाली ठेवायला. म्हातारीच्या आईपासूनची रीत. हालाचे पैसे घेतले तर त्यांच्या बदल्यात काय दिलं म्हणायचं? शिवाय हाल लिहिलं की लोक विचारणार, कसले हाल. मजुरी म्हटलं की विषय संपला. पोरीने काम केलं, कामाचे पैसे आले, कुणाच्या बापाची बोलायची टाप नाही. धाकटी त्या दिवशी शेजारी उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, तिने काही सांगितलं नव्हतं.

कोर्टाने मग जे मागितलं तेच दिलं. आणि आता कायदा असा होता, अर्जवाला समजावून सांगू लागला, की शरीराला किंवा मनाला इजा झाली, तिची भरपाई मिळाली, तर तिच्यावर कर नाही. मजुरीवर आहे. करखात्याने कागद बघितला, कागदावर मजुरी होती, त्यांनी मजुरीला लावतात तो कर लावला.

"एवढ्या एका शब्दानं?" थोरलीने विचारलं.

"सरकार शब्दच वाचतं," तो म्हणाला. त्याचंही तोंड उतरलं होतं. त्याने लिहिण्याचे पैसे घेतले नाहीत आणि थोरलीने त्या दिवशी बदल्यात काही द्यायचा आग्रहही धरला नाही.

एक रस्ता होता. करखात्यात हरकत घ्यायची, सुनावणी मागायची. तिथे धाकटीने सांगायचं की ते काम नव्हतं, जबरदस्ती होती. त्यासाठी कोर्टाचा निकाल जोडायला हवा, म्हणून अर्जवाल्याने निकाल चाळायला घेतला. बासष्ट पानं. घरी ती पानं आल्या दिवसापासून ट्रंकेत होती, कुणी वाचलीच नव्हती. एकेचाळिसाव्या पानावर तो अडखळला. मालकाच्या वकिलाने कोर्टात एक टेलिफोनचं बिल दाखवलं होतं. ही मुलगी बंदिवान नव्हती, हिने चौथ्या महिन्यात कारखान्याच्या ऑफिसातून घरी फोन केला, बोलली, आणि राजीखुशीने कामावर राहिली, असं त्याचं म्हणणं. कोर्टाने त्यावर फार खल केला नव्हता. मजुरी थकली हे सिद्ध होतं, पैसे द्यायला तेवढं पुरेसं होतं.

"हा फोन कुठे लागला होता?" अर्जवाल्याने धाकटीला विचारलं.

धाकटीने थोरलीकडे बघितलं नाही. ती टंकलेखन यंत्राच्या अक्षरांकडे बघत होती.

"फोन केला होता. कुणी उचलला नाही," ती म्हणाली.

घरात मोबाइल एकच, आणि तो थोरलीच्याच कनवटीला असायचा. तो फोन आला तेव्हा भर दुपार होती. ती मागावर होती. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून धाकटी बोलत होती, रडत होती, लाइन खराब होती, नीट काही ऐकू आलं नाही. कामाला कंटाळली असेल, असं थोरलीला वाटलं. लहानपणी ही दोनदा माग सोडून पळाली होती. थोरलीने तिला समजावलं. दोनच महिने राहिलेत, म्हणाली. त्या दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, चौकीतही सांगितलं नव्हतं. आणि धाकटी परत आल्यावर तिनेही कधी त्याचा उल्लेख केला नव्हता. थोरलीने मनाची समजूत घातली होती की पोरगी विसरली. आता तिला कळेना की धाकटी खोटं का बोलते, आणि आपण तिला बोलू का देतो.

सुनावणीची तारीख अठरा दिवसांनी लागली. गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. टपालवाल्याला सही लागली हे तर सगळ्यांनी बघितलं होतं. पाणवठ्यावर एक बाई थोरलीला म्हणाली, एवढा कर लागतो म्हणजे कमाई दांडगी असणार हो तुमच्या पोरीची. दुसरीने पदर तोंडाला लावला. थोरली एरवी अशा बायकांची सालटी काढायची, त्या दिवशी घागर उचलून चालू पडली. कमाई हा शब्द तिनेच तर त्यांच्या तोंडात दिला होता.

नवरा एका संध्याकाळी म्हणाला, मोठा माग विकतो. आठवडाभराची वाक्यं साठवून त्याने ते एक काढलं असावं. मोठा माग गेला तर उरणार काय, तांब्याखालच्या चटया विणायच्या का, असं थोरली त्याच्यावर खेकसली आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी एक दलाल माग बघायला आला, त्याने फणीचे दात मोजले, लाकूड नखाने खरवडलं आणि जळणाचा भाव सांगितला. नवऱ्याने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तळ्यात पाणी रोज थोडं मागे जायचं आणि त्या रोज थोड्या पुढे. एका सकाळी चिखलात थोरलीने विळा थांबवला. तिला म्हणायचं होतं, तो फोन तुला आठवतो. तोंडातून निघालं, "पाणी फार गार आहे का गं?"

"हे गार नाही, ताई," धाकटी म्हणाली आणि पातं कापत राहिली.

करखात्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांना बसवलं. खोलीभर फायली, दोऱ्यांनी बांधलेल्या, आणि त्यांच्या मधोमध एक अधिकारी बाई. तिला सर्दी झाली होती. रुमाल टेबलावर, बाजूला गरम पाण्याचा पेला. तोंडावरून तरी दुष्ट वाटत नव्हती. तिने दोघींना खुर्च्या दिल्या, थोरलीला बहीण म्हणून बसू दिलं. कारकून लिहून घ्यायला बसला.

"कामावर कोणी ठेवलं होतं?" बाईने पहिला प्रश्न विचारला. छापील होता तो.

धाकटीच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकली. "कुणी ठेवलं नव्हतं," ती म्हणाली. "कोंडलं होतं."

"रकान्यात तसं लिहिता येत नाही," कारकून म्हणाला. बाईने त्याला हाताने थांबवलं आणि धाकटीला म्हणाली, तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा.

मग धाकटीने सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. पहाटे चारला शेड उघडायची. बर्फाच्या पाण्यात टोपल्या. कोळंबीचं डोकं खुडायचं, कवच काढायचं, पाठीतला काळा दोरा ओढायचा, मोजून टाकायची; मिनिटाला किती झाल्या ते ओरडून सांगायचं. कवचाने बोटं फाटायची, खारं पाणी जखमेत जायचं, नखं पिवळी होऊन गळायची. रात्री अकराला शेड बंद, बाहेरून. जी मागे पडली तिला बर्फखोलीत उभं करायचे, शंभर मोजेपर्यंत. मोजायचं तिनेच. अकरावी पोरगी धाकटीच्या शेजारी बसायची. तिला ताप भरला. देखरेख करणारा म्हणाला, ताप उतरायला गारच बरं, आणि तिला बर्फखोलीत नेलं. तेवढ्यात माल भरायला गाडी आली. सगळे गाडीकडे धावले. दार कुणी उघडलं नाही.

"आम्हाला ऐकू येत होतं, ती मोजत होती," धाकटी म्हणाली. "शंभर झाले की परत एकपासून. आम्ही सोलत होतो. हात थांबवले असते तर आम्हाला आत घातलं असतं. मग ऐकू यायचं थांबलं."

कारकुनाने लिहिणं कधी थांबवलं होतं ते त्यालाही कळलं नसावं. अधिकारी बाईने रुमाल तोंडाशी धरला. थोरलीला वाटलं, आपण हे ऐकलं नाही. खोली होती तशीच होती, पंखा फिरत होता, पेल्यातून वाफ येत होती. साडेतीन वर्षं ही पोरगी आपल्या शेजारी चिखलात उभी राहून मोजत होती. आपण तिला म्हणायचो, काय गं सारखी पुटपुटतेस.

अधिकारी बाईने गरम पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाली की आपला विश्वास बसतो, पण आपल्या विश्वासावर आदेश निघत नाही. घरच्यांनी स्वतः मजुरी लिहिलंय. ते बदलायचं तर तिथे राहणं राजीखुशीचं नव्हतं असं कागदावर यायला हवं. तिने सुटायची धडपड केली, कुणाकडे मदत मागितली, असं काही. निकालात एक फोन आहे. तो विरुद्ध जातो.

"तो कुणी उचलला नाही," धाकटी म्हणाली. ती हे इतक्या सहज म्हणाली की थोरलीचाही क्षणभर विश्वास बसला.

बाईने एकेचाळिसावं पान उघडलं आणि टेलिफोनच्या बिलाची नक्कल पुढे सरकवली. "चार मिनिटं झालंय बोलणं."

"वाजत राहिला असेल."

"उचलल्याशिवाय मिनिटं लागत नाहीत." बाईचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "हे बघा, एवढं एक खोटं माझ्या कागदावर आलं तर वरचे लोक बाकीचंही खोटं धरतील. मग खोली वाचवणं माझ्या हातात राहणार नाही. नीट आठवा. फोन कुणी घेतला?"

"कुणीच नाही," धाकटी म्हणाली.

थोरली तिच्याकडे बघत राहिली. एक शब्द बोलली नाही तर खोली जाणार होती, हे तिला कळत होतं. बोलली तर काय जाणार होतं, तेही कळत होतं.

"मी घेतला," ती म्हणाली.

"ताई, तू गप्प बस," धाकटी म्हणाली.

"मी घेतला, मॅडम. लिहा. मी मोठी बहीण. माझ्याच हातात होता फोन."

"काय म्हणाल्या या?"

लाइन खराब होती, असं थोरलीच्या जिभेवर आलं. सहा-साडेसहा वर्षं ते तिथेच बसलेलं होतं. तिने ते गिळलं. लाइन स्वच्छ होती. पलीकडे कुठेतरी पाणी पडत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं.

"म्हणाली, ताई, मला इथून ने. आजच्या आज कुणालातरी पाठव. इथे दाराला बाहेरून कुलूप लावतात. ठिकाणाचं नाव सांगितलं तिनं. दोनदा सांगितलं."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणाले, उचल घेतलीय, पत्रे घातलेत. दोन महिने राहिलेत. आपल्यात अर्धी चटई कुणी मागावरून उतरवत नाही." तिने ओठ पुसले. "मग ती नुसतीच ताई, ताई म्हणत राहिली. मी फोन ठेवला. तिनं नाही ठेवला. मी ठेवला."

कारकुनाला बाईने स्वतः मजकूर सांगितला, तोही हळू आवाजात. सदर महिलेने चौथ्या महिन्यात घरी फोन करून सुटकेसाठी मदत मागितली. मदत मिळाली नाही. मजुरीची नोंद नातेवाइकांच्या सांगण्यावरून चुकीने झाली. कागद थोरलीपुढे आला. तिने बोट धरून वाचला. 'मदत मिळाली नाही' या शब्दांवर बोट पोचलं तेव्हा ते तिथून हलेना. तिने दुसऱ्या हाताने सही केली, म्हणजे करायला गेली, आणि मग पेन उजव्या हातात घेऊन परत केली.

आकारणी रद्द होईल, आदेश पंधरा दिवसांत टपालाने येईल, असं बाईने सांगितलं. खोलीला आता काही होणार नाही. दोघी उठल्या तेव्हा तीही उठून उभी राहिली. एवढी मोठी अधिकारी आपल्यासाठी उभी राहिली याचं थोरलीला काही वाटलं नाही.

बसथांब्यावर ऊन होतं. पत्र्याच्या शेडखाली एकच बाक, त्यावर पोती. बसला अर्धा तास होता. धाकटी सावलीच्या कडेला उभी राहिली, थोरली तिच्यापासून दोन हात लांब. जवळ जायचा तिला धीर होईना. बहिणीची माफी मागावी तर कुठल्या शब्दात मागतात हे तिला ठाऊक नव्हतं. या घरात आजवर कुणी कुणाची मागितली नव्हती. खोली वाचली, असं ती म्हणाली. धाकटी हो म्हणाली.

मग खूप वेळाने थोरलीने विचारलं, "तुला सगळं आठवत होतं. मग दोन्हीकडे खोटं का बोललीस? माझी लाज राखायला?"

धाकटीने मान हलवली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, धूळ बसेपर्यंत ती थांबली.

"तुझ्यासाठी नाही, ताई. तिथे मी रोज स्वतःला तेच सांगायचे. फोन वाजला, कुणी उचलला नाही. फोन घरी राहिला असेल, सगळे तळ्यावर गेले असतील. तीन वर्षं सांगितलं, तेव्हा कुठे खरं वाटायला लागलं." तिने पहिल्यांदा थोरलीकडे बघितलं. "नाहीतर पोलिसांनी गाडीत बसवून विचारलं, घर कुठे, तेव्हा मी काय सांगितलं असतं?"